मोहिनीच्या उशाशी असलेला पंप

मी एक जुना पंप आहे. पण मित्रांनो, घाई करू नका, मी विहिरीवरचा पंप नव्हे. आमच्या फैजपूरकडे पंप म्हटलं की लोक आधी विचारतात, किती एचपीचा? किती खोलवरून पाणी ओढतो? मी पाणी ओढत नाही, आणि माझा एचपी कुणी विचारला तर मला लाज वाटते. शिलाई मशीनच्या पेटीएवढा माझा देह. एका अंगाला पारदर्शक बरणी, कपाळावर काट्याची तबकडी, तिच्याखाली पिळायचं एक बटण आणि बरणीतून निघालेली लांब नळी, एवढाच माझा संसार. माणसाच्या श्वासाच्या वाटेत कफ अडकला आणि त्याला तो खोकून बाहेर काढता आला नाही, की तो मी ओढून घेतो. डॉक्टर मला सक्शन मशीन म्हणतात. घरातले कधी मशीन म्हणतात, कधी पंप. काम असं की माझी ओळख करून दिली की पाहुणे हातातला चहाचा कप खाली ठेवतात. ठेवू देत बापडे. ज्याचा श्वास अडतो त्यालाच माझी किंमत कळते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येणार नाही. जन्मल्याबरोबर मला थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात घातलं, आणि बाहेरचं जग पाहिलं ते एकदम जळगावच्या एका दुकानात. ते दुकान आजारी माणसांच्या सामानाचं. तिथे चाकाच्या खुर्च्या होत्या, वरखाली होणाऱ्या खाटा होत्या, ऑक्सिजनच्या टाक्या होत्या. आम्ही सगळे भाड्याने जाणारे. एखाद्या घरात कुणी अंथरूण धरलं की आमची निघायची वेळ व्हायची, आणि माणूस बरा झाला की आम्ही परत. बरा झाला नाही तरीही आम्ही परतच यायचो.

माझं पहिलं घर चाळीसगावला होतं, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तिथे सुकदेव नाना होते. सगळी नोकरी रेल्वेत गेलेली, आणि म्हातारपणी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. बोलणं अडखळायचं, गिळणं जमायचं नाही. पण गाडीची शिट्टी ऐकू आली की नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. गाडी उशिरा आल्याचा राग त्यांना शेवटपर्यंत यायचा. मी त्यांचा घसा मोकळा केला की ते डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटायचे, बैलाला थोपटतात तसं. पहिली शाबासकी मला त्यांनीच दिली.

नाना गेले त्या दिवशी मी कोपऱ्यात बसून होतो. घरात माणूस जातो तेव्हा पंपाची बरणी धुवायचं कुणाला सुचणार? त्यात कुणाचा दोष नाही. तसाच, न धुतलेला, मी दुकानात परत गेलो आणि दुकानदारानं मला सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं. नळी वाळून कडक झाली. बरणीला वास लागला. अंगावर धुळीचे थर चढले. माझ्यामागून आलेले चकचकीत पंप खालच्या फळीवरून रुबाबात बाहेर पडत होते, आणि मी वरून नुसता बघत होतो. मित्रांनो, यंत्र काम करून जितकं झिजतं त्याहून जास्त ते बसून खराब होतं. माणसांचंही तसंच असावं, पण तो माझा विषय नाही.

एके दिवशी दुकानात हेमलताताई आल्या. त्या नर्स. पण रुग्णालयात वॉर्डावर फिरणाऱ्या नव्हेत. काही आजारी माणसांना रुग्णालयात ठेवून आणखी उपयोग नसतो, आणि नर्सशिवाय घरीही ठेवता येत नाही. अशांच्या घरी राहून ताई त्यांची शुश्रूषा करत. त्यांना त्या दिवशी पंप हवा होता आणि नवे सगळे भाड्याने गेले होते. म्हणून मी खाली उतरलो. ताईंनी बरणीचा वास घेतला, नाक मुरडलं, मला चालू केलं आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठा नळीला घट्ट चिकटला. ताई साक्री तालुक्यातल्या, डोंगराकडच्या गावच्या. मनातलं बोलताना त्यांच्या तोंडून अहिराणीच निघायची.

"जीव शे अजून," त्या म्हणाल्या.

माझ्याविषयी इतकं चांगलं फार दिवसांनी कुणी बोललं होतं. त्यांनी नवी नळी घातली, बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि मला मांडीवर घेऊन त्या फैजपूरच्या एसटीत बसल्या.

फैजपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक गाव आहे. गावाच्या चहूबाजूंना केळीच्या बागा. तिथे जितेंद्रभाऊंचं घर. भाऊ केळी पिकवतात. त्यांची बायको कामिनीवहिनी, आई मंदाबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, आणि लेक मोहिनी. माझी नेमणूक या मोहिनीच्या उशाशी झाली.

मोहिनी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे स्नायू जन्मापासूनच अशक्त. बसवलं तर बसते, टेकू काढला तर कलंडते. त्यात तिला न्यूमोनिया झाला आणि जळगावच्या एका रुग्णालयात काचेच्या दारामागे तिनं जवळजवळ अख्खा हिवाळा काढला. श्वास चालावा म्हणून तिच्या गळ्याला पुढून छोटं छिद्र करून त्यात एक आखूड नळी बसवली. आता ती त्या नळीतूनच श्वास घेते. तिला खोकायची ताकद नाही, त्यामुळे नळीत कफ साचला की मी लागतो. वेळेवर लागलो नाही तर काय होईल, ते सांगायची गरज नाही.

डॉक्टरांनी तिला घरी सोडताना अट घातली होती. घरात नर्स हवी, आणि नर्सशिवाय घरातल्या दोघांना तरी हे काम आलंच पाहिजे. नाहीतर पोर परत काचेच्या दारामागे. तिथे आईला दिवसातून थोडाच वेळ आत सोडत. मोहिनीनं ते दिवस छताकडे बघत काढले होते. म्हणून वहिनी आणि भाऊ दोघंही तिथे काम शिकले आणि डॉक्टरांसमोर करून दाखवून पास झाले.

गळ्यातल्या नळीमुळे मोहिनीचा आवाज फुटत नाही. पण गप्प बसणारी पोर ती नव्हे. जीभ टाळूला लावून ती टक असा आवाज काढते. एकदा टक म्हणजे हो. दोनदा टक टक म्हणजे मशीन लावा. आणि लागोपाठ टकटकटकटक म्हणजे तुम्ही मूर्ख आहात. हे शेवटचं भाऊंच्या वाट्याला जास्त यायचं. तिच्या खिडकीतून केळीचे ट्रक भरताना दिसतात. ड्रायव्हरनं गाडी मागे घेताना बांधाला घासली की आतून टकटकटकटक ऐकू यायचं, आणि ताई हसून म्हणायच्या, "बठ्ठासले अक्कल शिकाडस ही पोर." म्हणजे, सगळ्यांना अक्कल शिकवते.

ताईंच्या हाताची रीत मी जवळून पाहिली आहे. माझ्या नळीच्या टोकाला लावलेली बारीक नळी मोहिनीच्या गळ्यात सोडताना त्या स्वतःचा श्वास रोखून धरायच्या. आपल्याला गुदमरलं की समजायचं, तिलाही गुदमरतंय, आता बाहेर काढा. नळी आत जाताना मला ओढू द्यायचं नाही. बाहेर येताना हलकेच फिरवत ओढू द्यायचं. त्यांचं सगळं लक्ष पोरीच्या ओठांवर. "आधी पोरीकडे बघा, मग मशीनकडे," असं त्या वहिनींना सारखं सांगायच्या. तेव्हा मला ते जरा लागायचं. एवढं राबायचं आणि आपल्याकडे बघायचं मागून?

पण त्या घरात एक गोष्ट हळूहळू बिघडत होती आणि ती ताईंच्या चांगुलपणामुळेच. ताई होत्या म्हणून वहिनींचा हात मागे सरला. त्या नळी धरायच्या, पण ताई शेजारी उभ्या असल्या तरच. भाऊंचं तर विचारूच नका. मोहिनीचे डोळे पाण्यानं भरले की त्यांचे आधी भरायचे, आणि मग त्यांना काही दिसायचं नाही. खाटेच्या कडेला एक निळी पिशवी टांगलेली होती. तिच्यात अडीअडचणीचं सामान होतं. गळ्यातली जादा नळी, तोंडानं नव्हे तर हातानं दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा, मोठी सिरिंज, माझे जादा सुटे भाग. दर शनिवारी ताई मला मुद्दाम बंद करायच्या आणि वहिनींना म्हणायच्या, "समजा मशीन मेलं. आता काय कराल?"

"असं वंगाळ बोलू नका हो," वहिनी म्हणायच्या. "आणि तुम्ही आहात ना."

"मी माणूस आहे, वहिनी. मला ताप येईल, माझी आई आजारी पडेल. करा बघू."

वहिनी करायच्या, पण तोंड पाडून.

मग दसरा आला. आदल्या वर्षी ताई सणाला गावी गेल्या नव्हत्या. या वेळी त्यांच्या बदली जळगावहून दुसरी नर्स यायची होती, आणि ऐन वेळी तिलाच ताप भरला. ताईंनी भरलेली पिशवी पुन्हा खाली ठेवली. ते बघून वहिनींच्या मनात काय आलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "जा तुम्ही. तुमची आई वाट बघत असेल. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"नक्की?"

"फोन आहे की."

ताई गेल्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

मित्रांनो, खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा असते. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंना त्या दिवशी विसावा. त्यांना धुवायचं, पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मग दिवसभर त्यांना कामाला लावायचं नाही. भाऊंनी सकाळी ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा पंप धुतला, केळीचे घड कापायचे कोयते घासून लख्ख केले. ओसरीत सगळ्यांची ओळ लागली. अक्का हातात कुंकवाची कोयरी घेऊन ओळीकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना मी आठवलो.

"जितू, कोयत्याले हार घालतो, आन् पोरीले श्वास देतो त्या पंपाले काई नाई? आन बरं त्याले इकडे."

वहिनींनी नुकताच मोहिनीचा गळा मोकळा केला होता. एकटीनं, आणि पहिल्यांदाच हात न थरथरता. तरी त्या म्हणाल्या, "अक्का, त्याला कसला आलाय विसावा? ते राहू द्या उशाशी."

"अवं, ओसरीतच तं ठेवतो. कुठी गावाले चालला का तो? लागला तं उचल."

वहिनी बाजूला सरकल्या. अक्कांच्या मनात काही वाईट नव्हतं. नातीच्या श्वासापुढे त्यांना कोयता, ट्रॅक्टर सगळं फिकं वाटत होतं, म्हणून तर त्यांनी मला आणायला लावलं.

भाऊंनी मला उचललं आणि धुवायला घेतलं. आता केळीवाल्याची एक सवय तुम्हाला सांगतो. बागेला ठिबकनं पाणी जातं, आणि ठिबकच्या फिल्टरमध्ये गाळ साचला की झाडं तहानतात. त्यामुळे फिल्टर उघडायचा, नळाखाली धरायचा, खळखळून धुवायचा, हे केळीवाल्याच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. जो फिल्टर धूत नाही तो शेतकरीच नव्हे, असं भाऊ म्हणतात. माझ्या बरणीच्या आणि मोटरीच्या मधे एक गोल पांढरा फिल्टर आहे, मोठ्या बटणाएवढा. भाऊंना तो दिसला. जरा मळकट वाटला. त्यांनी तो काढला, नळाखाली धरला, साबण लावून खळखळून धुतला, फुंकर मारली आणि परत बसवला. इतक्या मायेनं मला अंघोळ आजवर कुणी घातली नव्हती.

पण तो फिल्टर पाण्याचा नव्हे, हवेचा. बरणीतला ओलावा मोटरीत जाऊ नये एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो. त्याला पाणी लागलं की तो हवेची वाट बंद करून टाकतो. हे भाऊंना ठाऊक नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

खोटं कशाला सांगू, पूजेत बसलो तेव्हा मला भारी वाटलं. एका बाजूला फवारणीचा पंप, दुसऱ्या बाजूला कोयते, दारात ट्रॅक्टर. माझ्या तबकडीवर कुंकवाचं बोट, बटणावर अक्षता, गळ्यात झेंडू. अक्कांनी मला वाकून नमस्कार केला. ज्याला बघून लोक चहा खाली ठेवतात, त्याच्यापुढे नैवेद्य ठेवला गेला. मला नाना आठवले. माझ्याइतका सुखी पंप त्या दिवशी पंचक्रोशीत नसेल.

दुपारी जेवणं झाली. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि ओसरीत सगळे जरा लवंडले होते. आतून आवाज आला, टक टक.

वहिनी आधीच उठल्या होत्या. त्यांनी मला हारासकट उचललं. झेंडूच्या पाकळ्या वाटेत सांडत गेल्या. उशाशी ठेवून त्यांनी बटण दाबलं, मी घुरघुरलो आणि माझा काटा सर्रकन वर चढला. तो बघून वहिनींना हायसं वाटलं. त्यांनी श्वास रोखला, बारीक नळी आत सोडली आणि हलकेच बाहेर घेतली. नळी कोरडी. पुन्हा सोडली. पुन्हा काही आलं नाही.

माझा काटा वर होता, पण तो खोटं बोलत होता. मी सगळ्या ताकदीनिशी ओढत होतो आणि ते सगळं ओढणं त्या ओल्या फिल्टरपाशी अडत होतं. नळीच्या टोकाला काहीच पोचत नव्हतं. मोहिनीच्या छातीतून घरघर येऊ लागली. तिच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यातला आकडा खाली येऊ लागला. टक टक, टक टक, ती सांगत होती. वहिनी बटण पिळत होत्या, नळी हलवत होत्या, पुन्हा काट्याकडे बघत होत्या. मग मोहिनीची टक टक थांबली.

"मी गाडी काढतो," भाऊ दारातून म्हणाले. "जळगावला नेऊ."

वहिनींनी माझ्यावरची नजर उचलली आणि पोरीकडे बघितलं. ओठ निळसर पडले होते.

"जळगावपर्यंत ती थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "निळी पिशवी द्या."

त्यांनी मला पायानं बाजूला सारलं. सकाळी ज्याला हार घातला त्याला दुपारी पाय. पण मित्रांनो, मला राग आला नाही. त्या क्षणी मी कामाचा नव्हतो, आणि ते त्यांना माझ्या काट्यानं नव्हे, पोरीच्या ओठांनी सांगितलं होतं. त्यांनी मोठी सिरिंज काढली, तिला बारीक नळी जोडली, ती गळ्यात सोडली आणि सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला. एकदा. काही नाही. पुन्हा. आणि घट्ट, पिवळट गोळा सिरिंजमध्ये उतरला. भाऊंनी रबरी फुगा हातात धरला होता. वहिनींनी तो गळ्यातल्या नळीला लावला आणि सावकाश दाबला. मोहिनीची छाती वर आली. पुन्हा दाबला. पुन्हा वर आली. आकडा चढायला लागला, ओठांत रंग परतला, आणि बऱ्याच वेळानं एक अगदी बारीक टक ऐकू आली.

मग वहिनींनी ताईंना फोन लावला.

"नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा," पलीकडून ताई म्हणाल्या. "ओढतंय का?"

"नाही."

"आणि काटा?"

"वरच आहे."

"फिल्टरला कुणी पाणी लावलं का?"

वहिनींनी भाऊंकडे बघितलं. भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "मी धुतला. ठिबकचा धुतो तसा."

"पिशवीत नवा आहे. तो बसवा आणि पुन्हा अंगठा लावून बघा."

नवा फिल्टर बसला आणि मी ओढलं. वहिनींचा अंगठा नळीला असा चिकटला की सोडवताना आवाज आला. राहिलेला कफ मी ओढून काढला. इतकं मन लावून मी आयुष्यात कधी काम केलं नसेल.

"मी निंघस," ताई फोनवर म्हणाल्या. घाईत त्या अहिराणीवर आल्या होत्या. "आते गाडी भेटनी तं रातपर्यंत यी जासू."

वहिनींनी मोहिनीच्या कपाळावरचा घाम पुसला. "नका येऊ, ताई," त्या म्हणाल्या. "ती बरी आहे. उद्या दसरा आहे, आईजवळ राहा. मी आहे इथे."

"बरं," ताई म्हणाल्या. मला वाटतं, त्या रडत होत्या. इतके महिने दर शनिवारी मला मारून बघितलं ते या एका वाक्यासाठी, हे मला तेव्हा उमगलं.

अक्का या सगळ्या वेळात दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, कारण आत येऊन काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. हात जोडून त्या देवाचं नाव घेत होत्या. सगळं शांत झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या गळ्यात अजून अर्धा हार लटकत होता. तो त्यांनी काढला, पदरानं तबकडीवरचं कुंकू पुसलं, बटणाच्या फटीतली अक्षता नखानं काढली.

"याले मी देवापाशी बसवला," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आन् लेकरू इकडे..."

त्या संध्याकाळी अक्कांनी ताटाला हात लावला नाही. भाऊही माझ्याकडे बघायला तयार नव्हते. वहिनींनी त्यांना सुनावलं नाही. उलट नवा फिल्टर त्यांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "हा आता दर वेळी तुम्ही बदलायचा. धुवायचा नाही, बदलायचा." भाऊंनी मान हलवली. तेव्हापासून माझा फिल्टर त्यांच्याकडे आहे, आणि तो बदलताना त्यांच्या डोळ्यांना पाणी येत नाही.

दसऱ्यानंतर ताई परत आल्या. येताना मोहिनीसाठी आपट्याची पानं घेऊन आल्या. चहा पिऊन होतो न होतो तोच अक्का त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"मले शिकव वं माय."

"काय शिकवू, अक्का?"

"हे पंपाचं. सिरिंजचं. सगयं."

"अक्का, तुम्हाला बरणी बघूनसुद्धा किळस यायची ना?"

"येते. शिकव."

या वयात? तुम्ही म्हणाल. सत्तरीतली म्हातारी, हातांना कंप, डोळ्यांना जाड चष्मा. ताईंनाही तीच शंका होती. पण अक्का लोणच्याची बरणी भरताना करतात तितक्या नेटानं शिकायला बसल्या. आधी मला पुसायला शिकल्या, मग बरणी रिकामी करायला, मग नळीच्या तोंडावर अंगठा लावून माझा जोर ओळखायला. सगळ्यात शेवटी ताईंनी त्यांच्या हातात बारीक नळी दिली. अक्कांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. त्यांचा हात थरथरला, नळी जरा वाकडी गेली, आणि मोहिनीनं लागोपाठ टकटकटकटक केलं. सगळं घर हसलं. अक्काही हसल्या आणि त्यांनी दुसऱ्यांदा नळी सरळ घातली.

पुढच्या दसऱ्याला बदलीची नर्स मिळाली नाही, तरी ताई निश्चिंत मनानं गावी गेल्या आणि चार दिवस राहून आल्या. मी ओसरीत गेलो नाही. ओळीत ट्रॅक्टर होता, कोयते होते, फवारणीचा पंप होता. मी मोहिनीच्या उशाशी घुरघुरत होतो, आणि मला त्या हाराची आठवणसुद्धा झाली नाही.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझा आवाज वाढला आहे, मोटर लवकर तापते. मोहिनीच्या उशाशी नवा, बॅटरीवरचा पंप आला आहे आणि भाऊंनी दुकानाकडून विकत घेतल्यामुळे मी खाटेखाली राखीव म्हणून आहे. पण या घरात मी फळीवर धूळ खात पडलेलो नाही. कुणी ना कुणी मला काढतं, चालू करतं, अंगठा लावून बघतं. म्हाताऱ्या यंत्राला यापेक्षा जास्त काय हवं?

एक मागणं मात्र आहे. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत अशी एखादी मोहिनी असेल, किंवा एखादे सुकदेव नाना असतील. त्यांना भेटायला तुम्ही जाता. दाराशी उभे राहता, हळहळता, देव सगळं बरं करील असं म्हणता आणि हात जोडून निघता. आत एक आई असते, जी कित्येक महिन्यांत सलग झोपलेली नसते. एक नर्स असते, जिला सणाला आपल्या आईकडे जायचं असतं. तुमचे जोडलेले हात त्यांना विसावा देत नाहीत. म्हणून पुढच्या खेपेला दाराशी थांबू नका. आत या, साबणानं हात धुवा, आणि त्या आईला विचारा, "मला शिकवता का?"